दिव्याखालची अंबाडी

आमच्या महागावात अंबाडी विकत घेण्याची पद्धत नाही. ती मागून आणायची असते. शेजारच्या काकूंच्या परसात फार झाली की त्यांच्याकडून येते, आमच्याकडे फार झाली की त्यांच्याकडे जाते, आणि संध्याकाळी शेतावरून परतणारी एखादी बाई ओच्यातला मूठभर पाला सहज आमच्या ओट्यावर ठेवून पुढे निघून जाते. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडे, नागपूरहून तुळजापूरला जाणाऱ्या हमरस्त्यावर आमचे हे तालुक्याचे गाव. एका अंगाला पुसद, दुसऱ्या अंगाला उमरखेड. कापूस, तूर आणि सोयाबीन ही इथली पैशाची पिके. अंबाडी पैशाच्या हिशेबात कुठेच नसते. ती बांधावर असते, कपाशीच्या कडेला असते, न्हाणीच्या सांडपाण्यावर असते. आणि तरीही ती नाही असे घर सापडणे कठीण.

शहरातल्या वाचकांना अंबाडी ठाऊक असते ती जुडीच्या रूपात. पाला उकडायचा, आंबट पाणी ओतून द्यायचे, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून घोटायचे, आणि वरून लसूण व लाल मिरचीची सढळ तेलाची फोडणी. सोबत ज्वारीची भाकर. माझे माहेर नाशिकचे. लग्न होऊन आले तेव्हा ही भाजी मला फार आंबट वाटली होती. आता ती पुरेशी आंबट नसली तर मीच कुरकुरते. पण अंबाडी भाजीपुरती नाही. लाल अंबाडीला दिवाळीच्या आगेमागे गडद लाल, मांसल बोंडे लागतात. त्यांची चटणी होते, सरबत होते, वाळवून वर्षभर ठेवता येतात. दुसरी हिरव्या देठाची अंबाडी. तिच्या सालीपासून वाख निघतो. पोळ्याला बैलांसाठी नवे दोर वळायचे ते पूर्वी याच वाखाचे. कपाशी, भेंडी आणि जास्वंद ही सगळी हिची भावंडे. गणपतीला वाहायची एक, भाजीत चिरायची दुसरी, अंगावर घालायची तिसरी, आणि ही चौथी मात्र बांधावर उभी.

आमच्या घरी अंबाडीचा कारभार सासूबाईंकडे आहे. त्यांना आम्ही सगळे आईच म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी, आणि बोलणे अस्सल वऱ्हाडी. मी कॉलेजात मराठी शिकवते. प्रमाण भाषा, बोली भाषा असे फळ्यावर दोन रकाने पाडते आणि घरी येऊन दुसऱ्या रकान्यात राहते. आईंच्या परसात शिरताना एक नियम पाळावा लागतो. काय लावले ते विचारायचे नाही, कधी लावले ते विचारायचे. त्यांच्या लेखी सगळी शेती म्हणजे ‘कधी’ या एका शब्दाचे उत्तर आहे.

अंबाडीच्या आयुष्यात असे दोन ‘कधी’ येतात. पहिला रोप हलवण्याचा. मृगाचा पाऊस पडला की आई न्हाणीजवळच्या वाफ्यात बी टाकतात आणि तिथून रोपे उचलून हव्या त्या जागी लावतात. कृषीच्या पुस्तकात बी थेट पेरा असे असते, आणि त्याला कारण आहे. अंबाडीचे सोटमूळ सरळ खाली जाते. ते एकदा खोल गेले की रोप उपटताना तुटते, आणि तुटलेल्या मुळाचे रोप जगले तरी खुरटलेलेच राहते. म्हणून आईंचे माप ठरलेले. चार-पाच पाने आणि वीतभर उंची, याच्या आत रोप हलले पाहिजे. दिवस ढगाळ हवा, वेळ संध्याकाळची हवी, जमिनीत वाफसा हवा आणि मुळाशी मातीचा गोळा तसाच राहायला हवा. गॅलरीत कुंडी ठेवणाऱ्यांनाही हे लागू आहे. फक्त कुंडी चांगली हातभर खोल हवी. टोपलीभर मातीत अंबाडी जगते, पण ती जगल्यासारखी दिसत नाही.

रोपाच्या लावणीवर बोलताना मराठीच्या प्राध्यापकाला एका उपमेचा मोह पडतो. माहेरच्या मातीतून उपटून सासरच्या मातीत लावलेली मुलगी! ही उपमा विद्यार्थ्यांच्या निबंधांतून मी गेली वीस वर्षे लाल शाईने खोडत आले आहे. एकदा गमतीने ती आईंना ऐकवली. त्या म्हणाल्या, “रोप बोलत नाही वं. तू तं आली तवापासून बोलूनच राह्यली.”

दुसरा ‘कधी’ शेंडा खुडण्याचा. रोप गुडघाभर झाले की आई वरचा कोवळा शेंडा नखाने खुडतात. खुडलेला शेंडा भाजीत जातो, आणि झाडाचे सरळ वर जाणे थांबून बगलेतून दोन-तीन फुटवे निघतात. पंधरा-वीस दिवसांनी त्या फुटव्यांचे शेंडे. एका काठीचे असे हळूहळू झुडूप होते. जितके फुटवे तितकी बोंडांना जागा. नव्या माणसाला हे खुडणे जिवावर येते. जोमाने वर चाललेले झाड, आणि नेमका त्याचा जोमाचा भागच तोडायचा! आपल्या भाषेत शेंड्याला मान आहे. नेमके नसलेल्या बोलण्याला ‘ना शेंडा ना बुडखा’ म्हणतात, आणि घरातल्या धाकट्याला शेंडेफळ. आमच्या घरातले शेंडेफळ म्हणजे माझे धाकटे दीर. ते पुण्याला असतात. त्यांचा संबंध पुढे येणार आहे.

हीच खुडणी इथल्या शेतात तुरीलाही करतात. पेरणीनंतर साधारण दीड महिन्याने आणि पुन्हा तीनेक आठवड्यांनी तुरीचे शेंडे खुडले की झाड पसरते आणि शेंगा वाढतात. यजमानांचे खताबियाण्यांचे दुकान आहे, तिथे जुलै-ऑगस्टात याच गोष्टी चालतात. पूर्वी बायांची रांग हाताने शेंडे खुडत तासातून पुढे जायची. आता बॅटरीवर चालणारी यंत्रे आली आहेत, पाठीला बॅटरी आणि हातात फिरते पाते. काम झपाट्याने उरकते. फक्त यंत्राला शेंडा आणि कळी यांतला फरक कळत नाही, म्हणून तारखेचे भान माणसालाच ठेवावे लागते. तुरीला कळी धरू लागल्यावर पाते फिरवणारा शेतकरी स्वतःचे पीक स्वतःच्या हाताने कापतो. यजमान गिऱ्हाइकाला औषधाआधी पेरणीची तारीख विचारतात ती यासाठी.

अंबाडीची शेवटची तारीख आईंनी मला पहिल्याच वर्षी सांगितली होती. “पोया झाला का शेंड्याले हात लावजो नोको.” पोळ्यानंतर शेंडा खुडला तर झाड पुन्हा फुटते, पण ते फुटवे आखूड आणि पानाळ, बोंडे मोजकी. हे मी वर्षानुवर्षे पाळत होते. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि पोळा १४ सप्टेंबरला गेला. मला वाटले, चला, भाजीला आणखी पंधरा दिवस मिळाले. तर आईंनी ऑगस्टच्या अखेरीसच परसात जायला बंदी केली. मी पोळ्याची आठवण दिली. त्या म्हणाल्या, “अधिक आला का पोयाचं आयकू नाही. मघाचं आयकावं. मघा सरल्या.”

मी पंचांग काढून पाहिले आणि थक्क झाले. सणवार चंद्रावर चालतात. अधिक महिना आला की ते पुढेमागे सरकतात. पण शेतकरी मृग, आर्द्रा, मघा ही नक्षत्रे मोजतो ती सूर्याची. सूर्य मघांत येतो सोळा-सतरा ऑगस्टला आणि निघतो तीस ऑगस्टच्या सुमारास, अधिक महिना असो वा नसो. पोळा ही आईंची सोयीची खूण होती; खरे घड्याळ मघांचे. आणि झाडही सूर्याचेच ऐकते. पण ते कसे ऐकते हे मला कळायला आणखी एक निमित्त व्हावे लागले.

ते निमित्त म्हणजे दिरांचा मुलगा. कॉलेजात जाणारा, हुशार, पुण्यात वाढलेला. सुट्टीत आला असता परसात गेला, तिथली हिरव्या देठाची अंबाडी पाहिली, आणि आत येऊन दबक्या आवाजात मला म्हणाला, “काकू, आजीने मागे लावलंय ते... ते नाही ना?” मला आधी काही उमगेना. मग त्याने मोबाइलवर एक चित्र दाखवले. पाच बोटांचे, कडेला करवतीसारखे दाते असलेले पान. गांजाचे! मी पोट धरून हसले. पण पोरगा अगदीच चुकला नव्हता. लिनियसने या अंबाडीला नाव दिले तेच मुळी ‘हिबिस्कस कॅनाबिनस’, म्हणजे भांगेसारखी दिसणारी जास्वंद. पान सारखे, बाकी नाते काही नाही. आईंना हे सांगितले तेव्हा त्यांना भलताच आनंद झाला. महिनाभर त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, “पोलिसाईले सांगजा नोको, माया घरी पीक हाये.”

कुतूहलाने मी थोडे वाचले. गांजाच्या झाडालाही हेच दोन ‘कधी’ लागू होते. १८९३ साली सरकारने या मादक पदार्थांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला, आणि त्याचा काही खंडांचा अहवाल पुढे प्रसिद्ध झाला. त्या काळी मध्य प्रांतात खांडव्याकडे आणि मुंबई इलाख्यात नगर जिल्ह्यात परवान्याने गांजा लावीत. बंगालमध्ये राजशाहीकडच्या नौगावला, जे आता बांगलादेशात आहे, रोपे वाफ्यात वाढवून पावसाच्या अखेरीस शेतात लावायचे, फुले येण्याआधी खालच्या फांद्या छाटायचे, आणि मग ‘पोद्दार’ नावाचा जाणकार शेतात फिरून नर झाडे हेरून उपटायचा. एवढ्या कामासाठी वेगळा माणूस आणि त्याला वेगळी मजुरी! आज १९८५च्या कायद्याने गांजाचे रोप परवान्याशिवाय लावणेही गुन्हा आहे, आणि कपाशी-तुरीच्या तासांत चोरून लावलेली झाडे पकडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रात येत असतात. ते पीक या लेखापुरते इथेच संपले असते. पण आमच्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे सहकारी हा किस्सा ऐकून म्हणाले, “बाई, तुमच्या आईंच्या मघांचे कोडे पहिल्यांदा उकलायला लागले ते भांगेच्याच झाडावर.”

त्यांनी सांगितले ते असे. जूलियाँ तूर्नवा नावाचा एक फ्रेंच तरुण संशोधक १९१२च्या सुमारास काचघरात भांग आणि हॉप ही झाडे वाढवत होता. हिवाळ्यात लावलेली रोपे अगदी लहान असतानाच फुलतात, हे त्याने पाहिले. थंडीमुळे नव्हे, खतामुळे नव्हे. तर दिवस लहान आणि रात्र मोठी यामुळे, असे त्याला वाटू लागले. काम पुरे होण्याआधी पहिले महायुद्ध आले आणि तो त्यात मारला गेला. पुढे अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड या दोघांना तंबाखूची एक अशी जात भेटली, की ती उन्हाळाभर नुसती उंच वाढे आणि फुलेच ना. त्यांनी तंबाखूच्या आणि सोयाबीनच्या कुंड्या ऐन उन्हाळ्यात दुपारनंतर अंधाऱ्या खोपटात न्यायच्या आणि सकाळी बाहेर काढायच्या, असा क्रम ठेवला. दिवस खोटा लहान केला, आणि झाडे फुलली. त्यांचा निबंध १९२०चा. १९३८ साली हॅम्नर आणि बॉनर यांनी आणखी पुढचे दाखवले. आपल्याकडे रानात, रस्त्याच्या कडेला काटेरी फळांचे एक तण येते, कपड्यांना चिकटते. त्याच्या भाईबंदावर त्यांनी प्रयोग केला. झाड दिवस मोजत नाही, रात्र मोजते. लांब रात्रीच्या मध्यावर मिनिटभर जरी दिवा लावला, तरी त्या झाडाच्या हिशेबी ती रात्र मोडते, आणि फूल येत नाही.

अंबाडी याच पंथातली. तूर, सोयाबीन, शेवंती याही त्यातल्याच. महागाव विषुववृत्तापासून सुमारे वीस अंश उत्तरेला. इथे जूनच्या अखेरीस दिवस सव्वातेरा तासांहून किंचित मोठा असतो आणि डिसेंबरात अकरा तासांच्या आसपास. मघा सरतात तेव्हा दिवस साडेबारा तासांवर आलेला असतो आणि रोज साधारण मिनिटभराने घटत असतो. एक मिनिट! वर्गात घंटेनंतर एक मिनिट उशिरा येणारा विद्यार्थी मला कळत नाही, आणि न्हाणीजवळच्या या झाडाला ते कळते. साडेबाराच्या खाली दिवस गेला की अंबाडी पाने करण्याचे सोडून कळ्यांचे मनावर घेते. कळ्या डोळ्यांना दिसतात पुढे कित्येक दिवसांनी. म्हणजे कळी दिसेपर्यंत खुडायला हरकत नाही, असे जो म्हणतो तो उशिरा पोचलेला असतो. आईंनी नख आवरायचे ते कळी पाहून नाही, कळीच्या आधी.

आता दिव्याकडे येते.

२०२३च्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी खांबावर पांढरा लख्ख दिवा बसला. तो कोपरा आजवर काळोखाचा होता. शिकवणीहून परतणाऱ्या मुली तिथून पळत यायच्या, आणि पावसाळ्यात विंचूकाट्याचे भय असायचे. दिवा लागला त्या रात्री आई ओट्यावर बसून राहिल्या. “दिवाई झाली,” म्हणाल्या. दिव्याचा उजेड आमच्या कुडावरून परसाच्या अर्ध्या भागात पडतो. त्या वर्षी दिवाळी १२ नोव्हेंबरला होती, म्हणजे उशिरा. अंधारातल्या अर्ध्या ओळीला लालभडक बोंडे लागली. उजेडातली अर्धी ओळ डोक्याएवढी उंच, हिरवीगार, आणि तिला एक कळी नाही. खत एक, पाणी एक, खुडणीही एकाच हाताची. वनस्पतिशास्त्राचे सहकारी आले, खांबाकडे पाहिले, आणि हसले. रस्त्याच्या दिव्याशेजारचे सोयाबीन असेच हिरवे राहते म्हणे, बाकीचे शेत पिवळे होऊन कापणीला आले तरी. शेवंतीचे बागायतदार तर मुद्दाम रात्री बल्ब लावून फूल लांबवतात. मी हे सगळे आईंना समजावून सांगायला गेले. त्यांनी अर्ध्यावरच थांबवले. “जिले झोप नाही, तिले फूल कुठून?”

पुढच्या जानेवारीत मामंजी गेले. दोन महिने घर माणसांनी भरलेले होते, मग एकदम रिकामे झाले. दिरांनी विषय काढला. आईला पुण्याला न्यायची. यात त्यांचा स्वार्थ काही नाही, हे मी आधीच सांगते. आईंना हिवाळ्यात दम लागतो. हृदयाचा डॉक्टर इथून दीड-दोन तासांवर. रात्री अपरात्री गाडी मिळवायची म्हणजे दोन दारे ठोठवावी लागतात. पुण्याला दिरांच्या घरापासून दवाखाना दहा मिनिटांवर. सातव्या मजल्यावरचे घर, लिफ्ट, स्वच्छ न्हाणीघर, पडायची भीती नाही. यजमानांना धाकट्या भावाचे पटत होते, आणि मलाही त्यातले एकही वाक्य खोडता येत नव्हते. आईंनी नाही म्हटले नाही. त्या म्हणाल्या, “येतो ना बापा. पन अंबाडीची बोंडं निघू दे. वाळवून, बी धरून येतो. दिवाईले ने.”

२०२४च्या मृगात त्यांनी बी टाकले आणि आषाढात रोपे लावली. ती बहुतेक सगळी दिव्याच्या बाजूला. तेव्हा माझ्या ते ध्यानात आले नाही. परीक्षांचे दिवस होते. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबर सरता सरता आली. दीर गाडी घेऊन आले. परसात जाऊन पाहतात तो झाडे कुडाच्या वर गेलेली, पानांनी गच्च, आणि बोंड औषधाला नाही. “अजून नाही आली रे,” आई म्हणाल्या, “यंदा उशीर हाये.” दीर चार दिवस राहिले, अंबाडीची भाजी जेवले, आणि परत गेले. डिसेंबरात दहा-बारा बोंडे कशीबशी लागली. तोवर थंडी पडली होती, आणि थंडीत जागा बदलायची नाही हे डॉक्टरांनीच कधीतरी सांगितलेले आईंच्या बरोबर लक्षात होते.

यंदा, २०२५च्या आषाढात, मी सुट्टीवर होते. एका ढगाळ संध्याकाळी आई वाफ्यापाशी उकिडव्या बसून रोपे उचलत होत्या. वीतभर रोप, मुळाशी मातीचा गोळा, डाव्या तळहातावर. मी टोपली धरली होती. एकेक रोप त्या उचलत आणि न्हाणीच्या मागची मोकळी, काळोखी जागा ओलांडून खांबाकडे नेत. एकूण अकरा रोपे. नऊ दिव्याखाली लागली. मी त्यांच्याकडे पाहिले, त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाल्या, “तिकडं ओल चांगली राह्यते.” ओल दोन्हीकडे सारखीच असते. मी टोपली पुढे केली.

उपाय मला माहीत आहे. सहकाऱ्यांनी सांगितला आहे, आणि तो गार्नर-अलार्डच्या खोपट्याहून सोपा आहे. मघा सरल्या की संध्याकाळी कुडावर बांबू टाकून त्यावर जुने गोणपाट सोडायचे, की दिव्याचा उजेड अडतो. महिनाभर हा क्रम नेमाने ठेवला तर दिवाळीला नसली तरी कार्तिकात बोंडे नक्की. गोणपाटे यजमानांच्या दुकानात ढिगाने पडलेली आहेत. आज मघा सरून पंधरा दिवस झाले. आईंनी शेंड्यांना हात लावणे थांबवले आहे. गोणपाटे दुकानातच आहेत.

दिरांचा फोन आठवड्यातून दोनदा येतो. ते आईची प्रकृती विचारतात, औषधे विचारतात, आणि मग थोडे थांबून अंबाडी विचारतात. गेल्या रविवारी मी त्यांना स्पष्ट सांगितले, की तपासणीसाठी आईंना मी स्वतः पुण्याला घेऊन येईन, चार दिवस राहू, डॉक्टर म्हणतील ते सगळे करू, आणि परत येऊ. इथे दम्याचे औषध, वाफेचे यंत्र आणि रात्रीला एक ठरलेली गाडी यांची व्यवस्था आम्ही लावली आहे. वीतभरापुढचे रोप हलवताना काय होते ते मी त्यांना सांगितले नाही. ती उपमा मी खोडतेच. त्यांनी बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मग म्हणाले, “वहिनी, अंबाडीला यंदा तरी बोंडे येतील ना?”

फोन ठेवला तेव्हा आई दारातच होत्या. किती ऐकले कोण जाणे. त्यांनी मला न्हाणीच्या मागे नेले. काळोखात लावलेली ती दोन रोपे छातीएवढी झाली आहेत, आणि त्यांच्या पानांच्या बगलेत तांदळाच्या दाण्याएवढ्या कळ्या धरल्या आहेत. आई म्हणाल्या, ही बोंडं दिवाईच्या मागं निघतीन. निम्म्याची चटणी करजो, निम्मी वायवून डब्यात भरजो, शेंडेफयाले पुन्याले पाठवू. त्याले लहानपनापासून आवडते.